मंदीत भाडं वाढवावं की आहे तेच ठेवावं?

समजा, पुण्याजवळच्या वाकडमधल्या तुमच्या टू बीएचकेचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. भाडं २५,०००. भाडेकरू आयटीतला, आणि त्याच्या कंपनीत कपातीची कुजबुज.

वाढवलं तर? ८ टक्के धरले तर महिन्याला २,००० जास्त, अकरा महिन्यांत २२,०००. घरकर्जाचा हप्ता काही मंदी बघून थांबत नाही. आसपासचे फ्लॅट ३०,००० ला जात असतील आणि भाडेकरूची नोकरी शाबूत असेल, तर एवढं मागण्यात काही गैर नाही. त्यालाही बाहेर यापेक्षा स्वस्त मिळणार नाही.

पण तो सोडून गेला तर? घर एकच महिना रिकामं राहिलं तरी २५,००० गेले, म्हणजे वर्षभराची वाढ तिथेच संपली. वर त्या महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून, शिवाय रंगकाम आणि एजंटची दलाली. आणि मंदीत घर महिन्याभरात जाईलच कशावरून? २०२० मध्ये घरून काम सुरू झालं, तेव्हा आयटीतली कितीतरी पोरं हिंजवडी-वाकडच्या खोल्या सोडून गावी गेली. त्या एप्रिलमध्ये तर राज्याच्या गृहनिर्माण विभागानेच घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर वर्षाला ४ टक्क्यांची मर्यादा जुन्या, भाडे नियंत्रणातल्या कुळांना आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या करारात, दोघांचं ठरेल ते. मात्र करारात लिहिलं नसेल तर मधेच वाढ मागता येत नाही.

माझं मत विचाराल तर वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू असेल तर यंदा वाढ सोडा. फार तर पहिले सहा महिने जुनंच भाडं, पुढे १,००० जास्त, असं करारातच लिहा. तोंडी सवलतीवरून नंतर हमखास वाद होतात. जमलं तर २२ महिन्यांचा करार करून दुसऱ्या वर्षाची वाढ आत्ताच ठरवून टाका, नोंदणीचा दुसरा फेराही वाचतो. भाडं दर महिन्याला दहा-पंधरा दिवस उशिरा येत असेल, तर मात्र आधी वाढीचं नाही, थकबाकीचं बोला.