मॅमोर्सच्या धारेवर आठ महिन्यांचे बूट

फेब्रुवारीत एडिनबरामध्ये हे डोंगरात पळायचे बूट घेतले ते एकाच कामासाठी. ओळखीच्या धावणाऱ्यांनी रॅमसे राउंड ही स्कॉटलंडमधली लांब डोंगरफेरी रिले पद्धतीने करायचं ठरवलं होतं आणि शेवटचा, मॅमोर्स या डोंगररांगेचा टप्पा माझ्या वाट्याला आला होता. चार्ली रॅमसेने १९७८ साली ग्लेन नेव्हिसहून निघून २४ शिखरं २३ तास ५८ मिनिटांत पायाखाली घातली. आजच्या यादीप्रमाणे त्यातली २३ मन्रो, म्हणजे स्कॉटलंडमधली ३,००० फुटांवरची शिखरं, आहेत आणि त्या मन्रोंपैकी दहा एकट्या मॅमोर्समध्ये आहेत. आजवर या बुटांवर सातशेएक किलोमीटर झालेत, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आधी पाण्याचं सांगतो. स्कॉटलंडच्या डोंगरात पाय कोरडे ठेवायचा नाद सोडावा. घराजवळच्या पेंटलंड्स टेकड्यांत गेलं तरी पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीचा, काळा चिखल घोट्यापर्यंत येतो. माझे आधीचे बूट वॉटरप्रूफ होते. पाणी घोट्याकडून आत शिरायचं आणि तिथेच साचायचं. हे नुसत्या जाळीचे आहेत. ओढा ओलांडला की दहा-बारा पावलांत पचपच करत पाणी बाहेर. लोकरीचे मोजे असले की ओला पायसुद्धा गारठत नाही.

सोलचे दाते आठ मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून दूर दूर, त्यामुळे चिखल अडकून बसत नाही. ओल्या गवताच्या उतारावर मी आयुष्यात इतक्या बिनधास्त पळालो नव्हतो.

ओल्या क्वार्ट्झाइटवर मात्र जपून. स्गुर अ वाइम या शिखराला जाणारी डेव्हिल्स रिज ही अरुंद धार रॅमसेच्या वाटेवर जाऊन-येऊन दोनदा करावी लागते. त्या दिवशी दोन्हीकडच्या दऱ्या धुक्यात बुडाल्या होत्या. पांढुरका गुळगुळीत दगड, त्यावर पाण्याचा पातळ थर. डावा पाय टेकला आणि टाच वीतभर पुढे सरकली. खाली बसलो, दोन्ही हातांनी धार धरली आणि तेवढा तुकडा तसाच सरकत पार केला. कारण साधं आहे: उंच दात्यांची फक्त टोकं दगडाला लागतात आणि भार पडला की वाकतात. सह्याद्रीतला कातळ शेवाळामुळे निसरडा होतो. इथे शेवाळ नसलं तरी पाय जातो. मुल्लख नन कोरन या शेवटच्या शिखरावर लालसर ग्रॅनाइट लागला आणि पाय पुन्हा मोकळे झाले. माझा टप्पा साडेसात तासांत झाला. ग्लेन नेव्हिसला सगळे वाट बघत उभे होते, आणि मला रडू आवरलं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. साडेतीनशे किलोमीटरला, एप्रिलमध्येच, उजव्या करंगळीजवळ जाळी फाटली. कंपनीने ‘नेहमीची झीज’ म्हणून हात वर केले. एवढे पैसे मोजल्यावर हे मला पटलेलं नाही. मेमध्ये पुण्याला गेलो तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांना दाखवले. त्यांनी आतून रेक्झिनचा तुकडा लावला, नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारली आणि शिवणीची गाठ बोटाला लागू नये म्हणून ठोकून सपाट केली. ती शिवण जुलैतल्या रिलेत टिकली, आजही शाबूत आहे.

घेणाऱ्यांनी मोजे घालूनच माप बघा. भिजल्यावर जाळी थोडी सैलावते. वाळवताना हीटरवर ठेवू नका, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पुढची जोडीही हीच घेईन, फक्त करंगळीजवळचा तुकडा पहिल्याच दिवशी शिवून घेईन.