गप्पी, मॉली, प्लॅटी की स्वोर्डटेल: पहिल्या टाकीसाठी निवड करताना

दुकानातल्या काचेमागे हे चारही मासे सारखेच देखणे दिसतात, किमतीला परवडतात आणि अंडी न घालता थेट पोहती पिल्ले देतात. त्यामुळे निवड बहुधा रंगावर होते. माझ्या मते ती आधी घरात येणाऱ्या पाण्यावर आणि नंतर होणाऱ्या पिल्लांची काय व्यवस्था लावणार यावर ठरायला हवी.

गप्पी मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदाद आणि त्या परिसरातला, तर बाकीचे तिघे प्रामुख्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. चौघांनाही क्षार असलेले जड पाणी आणि साधारण ७ ते ८ सामू (pH) मानवतो. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारे बोअरचे पाणी निऑन टेट्रासारख्या माशांना जाचक ठरते, ते या मंडळींना मात्र चांगलेच लागू पडते. याउलट मुंबईसारख्या शहरात पावसावर भरणाऱ्या तलावांचे हलके पाणी नळाला येते, आणि तिथे चौघांतला फरक उघडा पडतो. प्लॅटी आणि गप्पी अशा पाण्यात बऱ्यापैकी निभावून नेतात. मॉलीला ते झेपत नाही. पर मिटून, पुढे न सरकता जागच्या जागी अंग हलवत राहिलेली मॉली पुष्कळांनी पाहिलेली असते. अशा वेळी बाटलीतल्या औषधांचे प्रयोग करण्याआधी पाणी तपासावे, कारण अनेकदा दुखणे पाण्याचेच असते आणि फिल्टरमध्ये कोरलचा (प्रवाळाचा) चुरा ठेवून पाण्यातले क्षार वाढवले की ती सावरू शकते. मॉली निमखाऱ्या पाण्यातही मजेत राहते, म्हणून काही दुकानदार तिच्या टाकीत मीठ घालतात. तेच मीठ कोरीडोरास हे तळाशी राहणारे, मीठ फारसे न सोसणारे मासे असलेल्या टाकीत घालणे योग्य नव्हे.

बोअरच्या पाण्याची एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्याचा सामू जितका जास्त, तितका हा अमोनिया अधिक विषारी, आणि जड पाण्याचा सामू बहुधा जास्तच असतो. म्हणून जड पाण्याच्या घरात टाकी भरल्याबरोबर डझनभर मासे आणून सोडू नयेत.

तापमानाच्या बाबतीत दोन जोड्या पडतात. गप्पी आणि मॉली यांना २४ ते २८ अंश सेल्सिअस बरे वाटते, तर प्लॅटी आणि स्वोर्डटेल २० ते २६ अंशांत अधिक खुलतात. नाशिक-पुण्याच्या थंडीत पहिल्या जोडीला हीटर हवाच. बंद खोलीतली प्लॅटी कित्येकदा त्याच्याशिवाय हिवाळा काढते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे गणित उलटते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तिथे कोणताही मासा ठेवला तरी मे महिन्यात हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.

आकारात गप्पीचा नर जेमतेम ३ सेंटीमीटर, मादी आणि प्लॅटी ५-६ सेंटीमीटर, मॉली जातीनुसार ८ ते १२ आणि स्वोर्डटेल शेपटीची तलवार सोडून १० सेंटीमीटरच्या पुढे जातो. दीड फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच टाकीत सुमारे ४० लिटर पाणी बसते. तेवढ्यात गप्पी किंवा प्लॅटीचा लहान गट नांदतो. मॉली आणि स्वोर्डटेलला अडीच-तीन फुटांची लांबी द्यावी. स्वोर्डटेल उड्या मारतो, त्यामुळे झाकण हवेच, आणि त्याचे नर आपापसांत भांडत असल्याने लहान टाकीत एकच नर ठेवावा. गोल काचेच्या भांड्यात यांतला कोणताही ठेवू नये.

पिल्लांचा प्रश्न मात्र चौघांनाही चुकत नाही. साधारण दर चार-पाच आठवड्यांनी मादी विते. गुदपराजवळचा (पोटाखालच्या मागच्या पराजवळचा) काळसर डाग गडद होतो आणि पोट खालून चौकोनी दिसू लागले की वेळ जवळ आली असे समजावे. पिल्लू बाहेर पडताना वळकटी झालेले असते, क्षणभर खाली जाते, उलगडते आणि सरळ वनस्पतींच्या आडोशाला धाव घेते, कारण त्याची आईसुद्धा त्याला खाऊ शकते. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळवर्गीय वनस्पतीचा दाट पुंजका असेल तर थोडी पिल्ले आपोआप जगतात, आणि घरच्या टाकीला तेवढी पुरे होतात. गप्पीची एक वीण बहुधा २० ते ५० पिल्लांची. मोठी मॉली किंवा स्वोर्डटेल शंभरीही गाठू शकते. मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे ‘एकटी मादी आणली की पिल्ले होणार नाहीत’ हा हिशेब चुकतो. पिल्ले नकोच असतील तर फक्त नर गप्पींची टाकी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. गप्पीत रंग आणि शेपटीचा पसारा नरांकडेच असल्याने त्यात शोभाही कमी होत नाही. नर-मादी एकत्र ठेवायचे असल्यास एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा पाठलाग होत नाही.

गप्पी चिवट असतो ही ख्याती डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडल्या जाणाऱ्या साध्या गप्पींची आहे. लांब, झालरदार शेपटीचे वाण जवळच्या नात्यातल्या जोड्यांतून जपलेले असल्याने ते बरेच नाजूक निघतात. ‘बलून’ मॉली तर मी कोणालाच सुचवणार नाही. तिचा गोलमटोल आकार कण्याच्या विकृतीतून आलेला असतो.

तेव्हा नवख्याने प्लॅटीपासून सुरुवात करावी: तिच्यात नर-मादी दोन्ही रंगीत असतात, ती शांत असते आणि बहुतेक पाण्याशी जुळवून घेते. फ्लॅटमधल्या लहान टाकीला नर गप्पी बरे. घरी बोअरचे पाणी आणि तीन फुटांची जागा असेल तर मॉलीइतका समाधान देणारा मासा नाही, मात्र तिला गोळी खाद्यासोबत उकडलेला पालक अधूनमधून द्यावा लागतो. स्वोर्डटेल हौस मुरल्यावर घ्यावा, आणि वाण शुद्ध राखायचा असेल तर प्लॅटीसोबत ठेवू नये, कारण दोघांचा संकर सहज होतो.

जास्तीची पिल्ले परत घेणारा दुकानदार खरेदीआधीच गाठून ठेवावा. विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात ती सोडणे टाळावे. डासनियंत्रणासाठी आरोग्य खाते गप्पी सोडते म्हणून आपणही सोडावेत असे होत नाही, कारण हे मासे झपाट्याने वाढतात आणि ओढ्यातल्या स्थानिक माशांच्या खाद्यावर आणि पिल्लांवर ताव मारतात.