सात महिने व्हीआर हेडसेट लावून पियानो शिकतोय, खरा अनुभव

वय ४१, आठवड्यातून एकच क्लास, आणि घरी बसलं की कुठलं बोट कुठल्या पट्टीवर हेच आठवायचं नाही म्हणून हेडसेट घेतला. त्यातून माझाच ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दिसतो, वरून रंगीत ठोकळे खाली येतात, टेकले की ती पट्टी दाबायची, मिडी केबल (कुठली पट्टी दाबली ते कीबोर्डकडून हेडसेटला कळवणारी तार) लावली असेल तर चूक लगेच कळते.

पहिले दोन महिने हवेतच होतो. तीन तुकडे दोन्ही हातांनी वाजायला लागले, रोज बसावंसं वाटायचं. मग क्लासला मॅडमच्या पियानोवर हेडसेटशिवाय बसलो आणि चौथ्या ओळीतच हात थांबले, काही म्हणजे काही आठवेना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुला हे पाठ नाहीये, तुला ठोकळे पकडता येतायत." फार लागलं ते.

मग वाचायला घेतलं. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्येच मांडलंय की सराव करताना सतत सूचना मिळाली तर तेव्हा छान जमतं, पण ती काढली की घसरतं, कारण स्वतःची चूक स्वतः ओळखायची सवयच लागत नाही. अगदी माझंच! तेव्हापासून तीनात एकदाच ठोकळे चालू ठेवतो, बाकी दोनदा बंद. आणि मेंदू संशोधक पास्कुआल-लिओने यांचा १९९५ चा, पियानोवर पाच बोटांनी वाजवायचा प्रयोग वाचून आणखी एक सवय लावली. त्यात पाच दिवस रोज दोन तास नुसतं मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूतला बोटं हलवणारा भाग वाढला होता, अर्थात प्रत्यक्ष वाजवणारे जास्त अचूक होते. म्हणून आधी हेडसेट काढून, डोळे मिटून अख्खा तुकडा मनात वाजवतो. जिथे मनात अडतं तिथेच हातही अडतो, हे बघून खरंच थक्क झालो.

त्रास म्हणाल तर अर्ध्या तासात मान अवघडते, चष्म्यावर वाफ धरते, ट्यूबलाइट लावल्याशिवाय पट्ट्या धूसर दिसतात, आणि पुसताना कीबोर्ड बोटभर सरकला की ठोकळे शेजारच्या पट्टीवर पडतात, परत सगळं जुळवायचं.

आता आठवड्यातून दोनदाच लावतो, नवीन तुकडा उचलताना. गेल्या महिन्यात मॅडमकडे दोन तुकडे न अडता वाजवले. हार्मोनियमसाठी घेऊ का असं दोघातिघांनी विचारलंय, त्यांना सांगतो, नका घेऊ, पट्ट्या दाखवेल हो, पण भात्याचा हात कसा चालवायचा ते त्यात कुठेच दिसत नाही.