‘कोणताही गेम व्हीआरमध्ये’ : 1,799 रुपयांच्या फाइलने माझं काय काय नेलं

मुद्दा आधीच सांगतो, कारण सगळं वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. साधे कॉम्प्युटर गेम डोळ्यांवर चढवायच्या, आभासी जगात नेणाऱ्या व्हीआर हेडसेटमध्ये खेळायला मिळतील असं सांगून कुणी ‘कन्व्हर्टर’ विकत असेल आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला लावत असेल, तर ती फाइल उघडू नका. मी उघडली. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं माझं खातं गेलं, इन्स्टाग्राम गेलं आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचे 8,000 रुपये गेले. ताईने आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही. तिला झळ बसली म्हणून हे लिहायला घेतलं.

मी इचलकरंजीत राहतो, सीएनसी मशीनचं प्रोग्रॅमिंग करतो. रात्री जेवण झालं की तासभर गेम, हा माझा कित्येक वर्षांचा विरंगुळा. 2023च्या दिवाळीत एक मित्र अमेरिकेहून आला, त्याच्याकडून वापरलेला क्वेस्ट 2 घेतला. हा हेडसेट भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही, त्यामुळे तो असाच कुणाच्या तरी बॅगेतून यायचा. घरच्या कॉम्प्युटरला आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड आहे. त्याच सुमारास क्वेस्टसाठी स्टीम लिंक हे ॲप फुकट आलं होतं. ते टाकलं आणि कॉम्प्युटरवरचे गेम हेडसेटमध्ये भल्यामोठ्या पडद्यावर दिसायला लागले. थिएटरात एकटं बसून खेळल्यासारखं वाटायचं. पंधरा दिवस खूश होतो.

पण पडदा कितीही मोठा केला तरी तो समोरच राहतो. मला आत जायचं होतं. ‘स्ट्रे’ नावाचा गेम आहे, त्यात आपण मांजर असतो आणि माणसं नसलेल्या एका शहराच्या गल्लीबोळांतून हिंडतो. त्या गल्ल्यांमध्ये मान वर करून दिव्यांकडे बघायचं होतं मला. एवढीच हौस होती.

आणि हे खरंच करता येतं. फसवणूक नेमकी इथेच रुजते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2024च्या जानेवारीत प्रेडॉग या टोपणनावाच्या एका प्रोग्रॅमरने यूईव्हीआर नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं, तेही फुकट. बरेच गेम अनरियल या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सांगाड्यावर, बांधलेले असतात, ‘स्ट्रे’ही त्यातलाच. त्या इंजिनात दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं काढायची सोय मुळातच असते, पण गेम बनवणाऱ्याने ती वापरलेली नसते. यूईव्हीआर चालू गेममध्ये आपला कोड घुसवतं आणि ती सोय जागी करतं. म्हणजे साध्या गेमला ओढूनताणून त्रिमितीचं सोंग दिलेलं नसतं, खरी खोली मिळते.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे हे फक्त अनरियलच्या गेमांना लागू पडतं. दुसऱ्या इंजिनावरच्या गेमांना दुसरी साधनं लागतात, काही गेमांसाठी कुणीतरी महिनोन्‌महिने खपून स्वतंत्र मॉड (गेमला बाहेरून जोडायचा बदल) बनवलेला असतो, आणि बऱ्याच गेमांसाठी काहीच नसतं. दुसरी गोष्ट, चालू प्रोग्रॅममध्ये बाहेरून कोड घुसवणं, ज्याला इंजेक्शन म्हणतात, हे व्हायरसचंही काम असतं. त्यामुळे अस्सल, निर्धोक मॉडवरही विंडोजचा डिफेंडर हा अँटीव्हायरस कधीकधी भुंकतो. व्हीआर मॉड वापरणाऱ्यांच्या गप्पांत ‘डिफेंडरकडे लक्ष देऊ नका, खोटा इशारा आहे’ हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं. मीही ते दहा वेळा वाचलं होतं. चोराने त्याच वाक्याचा आधार घेतला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी यूट्यूबवर व्हिडिओ दिसला. हिंदीत होता. पडद्यावर एकामागून एक गाजलेले गेम, सगळे हेडसेटमधून खेळताना दाखवलेले. ‘स्ट्रे’ होता, ‘एल्डन रिंग’ होता, ‘जीटीए 5’ होता. चित्रण खोटं नव्हतं. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे मॉड वापरून केलेली रेकॉर्डिंग त्याने उचलून एकत्र जोडली होती. हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की हा माणूस एका बटणात सगळे गेम व्हीआरमध्ये आणतोय. या तिन्ही गेमांची इंजिनं वेगवेगळी आहेत, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकाच बटणाने तिन्ही कसे चालतील, हा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला सारला. मला ते हवं होतं, दुसरं कारण नाही.

व्हिडिओखाली टेलिग्रामची लिंक होती. तिथला माणूस अत्यंत नम्र. ‘सर’ शिवाय बोलायचा नाही. माझं कार्ड कोणतं, हेडसेट कोणता, केबलने जोडता की वायफायने, सगळं नीट विचारलं. उत्तरंही बरोबर दिली. राउटर 5 गिगाहर्ट्झवर ठेवा, कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडा, हा सल्ला तर अगदी योग्य होता. मी मनातून तिथेच निर्धास्त झालो. कायमचं लायसन्स 1,799 रुपये. मी विचारलं, “यूईव्हीआर तर फुकट आहे ना?” तो म्हणाला, “सर, ते फक्त अनरियलसाठी. आमचं सगळ्यांसाठी.” क्यूआर कोड आला, पैसे पाठवले. खातं कुठल्याशा महिलेच्या नावावर होतं. हेही पाहिलं आणि पुढे गेलो.

पैसे घेऊन साधन विकणं हे आपोआप चोरीचं लक्षण नाही, हेही सांगायला हवं. वॉर्पएक्स किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप ही व्हीआरची साधनं विकतच मिळतात आणि कामाची आहेत. पण त्यांना आपलं दुकान आहे, पावती आहे, आणि कुणी टेलिग्रामवर झिप फाइल पाठवत नाही.

मला आलेली झिप फाइल उघडायला पासवर्ड होता, 1234. आतली फाइल 780 एमबीची. या दोन्ही गोष्टींचा अर्थ मला महिनाभराने एका ओळखीच्या मुलाने समजावला, तो सायबर सुरक्षेत काम करतो. झिपला पासवर्ड असला की वाटेतल्या तपासणी यंत्रणांना आत काय आहे ते दिसत नाही. आणि फाइल मुद्दाम फुगवलेली असते, आत नुसती शून्यं भरून. व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर 650 एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, म्हणून त्याहून मोठा आकार. मी खरंच तिथे तपासायला गेलो होतो. फाइल मोठी आहे म्हणून साइटने ती घेतली नाही, आणि मी ‘जाऊ दे’ म्हटलं.

डिफेंडरने लाल खूण दाखवली. त्या माणसाचा मेसेज तयारच होता, “सर, इंजेक्शन असतं ना, म्हणून दाखवतो. रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करा, इन्स्टॉल झालं की परत चालू करा.” केलं. फाइल चालवली. निळी पट्टी सरकत शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि ‘ग्राफिक्स ड्रायव्हर जुना आहे’ असा संदेश आला. ड्रायव्हर नवा टाकला, पुन्हा तोच संदेश. तो म्हणाला, सर्व्हरवर लोड आहे, उद्या सकाळी बघू. मी झोपलो.

त्या फाइलचं काम पहिल्या मिनिटातच उरकलं होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज तिने उचलून पाठवून दिल्या. आपण एकदा लॉगिन केलं की साइट पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत नाही, कारण ब्राउझरकडे एक प्रकारचा पास असतो. तो पासच चोरीला गेला की चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. साइटला वाटतं, आत आधीपासून बसलेलाच माणूस आहे. माझी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर कोड विचारण्याची सोय, चालू होती, म्हणून मी निश्चिंत होतो. जीमेलही असंच त्याच्या हाती लागलं. स्टीम गार्डचा, म्हणजे स्टीमच्या लॉगिनची खात्री करणारा, कोड मी मोबाइल ॲपवर न घेता ईमेलवर घेत होतो, त्यामुळे स्टीमच्या खात्याचा ईमेल बदलायला त्याला काहीच आडकाठी आली नाही.

रविवारी सकाळी सातला ताईचा फोन. आवाज रडवेला. “पोचले का रे पैसे? मावशीला कुठं ॲडमिट केलंय?” इचलकरंजीत नळाला रोज पाणी येत नाही. त्या दिवशी आलं होतं, आणि आई बाहेर पाणी भरत होती. मला काही उमजेना. ताईने स्क्रीनशॉट पाठवला. माझ्या इन्स्टाग्रामवरून तिला रात्री दीडला मेसेज गेला होता : आईला अचानक दवाखान्यात हलवलंय, माझं यूपीआय चालत नाही, 8,000 या नंबरवर पाठव, सकाळी देतो. तिने झोपेतून उठून पाठवले. अजून अकरा जणांना तोच मेसेज गेला होता. बाकीच्यांनी तो सकाळी पाहिला, म्हणून वाचले.

1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर बहुतेकांना ऐकून माहीत आहे. पण तक्रार ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या व्यवहार क्रमांकासकट लागते, हे मला माहीत नव्हतं. मी इकडून फोन लावत बसलो आणि त्यात पाऊण तास गेला. मग ताईने पुण्यातून स्वतः केला. पैसे तोवर पहिल्या खात्यातून दोन खात्यांत पुढे गेले होते. एकात 3,100 सापडले, ते गोठवले गेले. बाकीचे एटीएममधून काढलेले. ते 3,100 न्यायालयाच्या आदेशाने परत मिळायला पाच महिने लागले. बँकेचं म्हणणं असं की पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे हा तुमच्या परवानगीचाच व्यवहार आहे.

1,799 रुपयांसाठी काय तक्रार करायची, असं मला वाटत होतं. सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी समजावलं, “साहेब, रक्कम बघू नका, लिहून द्या. तोच खाते क्रमांक दुसऱ्या कुणाच्या तक्रारीत आला की जोडता येतं.” माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी आणि 66-डी या कलमांखाली हे येतं, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं. तक्रार दिली. आरोपी अजून सापडलेला नाही.

त्या सकाळी मी आणखी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. घाबरून त्याच कॉम्प्युटरवर बसून सगळे पासवर्ड बदलले. नवे पासवर्डही त्याच फाइलच्या तोंडात गेले असणार, कारण दुपारी जीमेलमध्ये पुन्हा अनोळखी लॉगिन दिसलं. मग इंटरनेटची केबल उपटली आणि बायकोच्या फोनवरून सुरुवात केली. आधी गूगल, त्यात ‘सर्व उपकरणांतून लॉग आउट’, मग बाकीची खाती. नुसता पासवर्ड बदलून चोरलेला पास दर वेळी बाद होतोच असं नाही, म्हणून लॉग आउटचं बटण महत्त्वाचं. शेवटी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं.

इन्स्टाग्राम सेल्फी व्हिडिओ देऊन चार दिवसांत परत मिळालं. स्टीमला नऊ दिवस लागले. त्यांनी जुन्या खरेदीचे पुरावे मागितले, यूपीआयचे व्यवहार क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमधून काढून दिले. खातं आलं, पण चोराने त्यावरून ऑनलाइन गेममध्ये चीटिंग केलं होतं आणि व्हीएसी, म्हणजे स्टीमच्या चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेची, बंदी लागली होती. खातं चोरीला गेलं होतं म्हणून ही बंदी उठत नाही, ती कायमची. अकरा वर्षांचं खातं आहे माझं. प्रोफाइल उघडलं की ती लाल ओळ दिसते आणि अजून वाईट वाटतं.

खातं गेल्याचं मी सगळ्यांना कळवलं, त्याच रात्री तिघांचे मेसेज आले : आम्ही ‘एथिकल हॅकर’, 2,500 रुपयांत खातं काढून देतो. अडकलेल्या माणसाला शोधत फिरणारी ही दुसरी टोळी. स्टीमचा सपोर्ट फुकट आहे आणि खातं परत देणं फक्त त्यांच्याच हातात आहे.

एप्रिलमध्ये यूईव्हीआर गिटहबवरच्या (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट) त्याच्या मूळ पानावरून घेतलं. शोधात आधी येणाऱ्या, नाव थोडंसं वेगळं असलेल्या साइटवरून नाही. ऑनलाइन, अँटी-चीट असलेल्या गेमांवर ते वापरायचं नसतं, नाहीतर त्यानेही बंदी येऊ शकते. माझ्या कार्डला दोन डोळ्यांसाठी दोनदा चित्र काढायचं म्हणजे दमछाक होते, सेटिंग बरीच खाली आणावी लागली, आणि कॅमेरा झटकन फिरला की मळमळतं. पण ‘स्ट्रे’मधली ती गल्ली पाहिली. डोक्यावर तारा, दिवे, साचलेल्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबं, आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ ते मांजर. हे सगळं जानेवारीपासून फुकट मिळत होतं.

ताईचे उरलेले 4,900 मी दोन हप्त्यांत दिले. ती घेत नव्हती, तिच्या हातात कोंबावे लागले. परवा तिच्या मुलीच्या वाढदिवसाचे मी खरोखरच पैसे पाठवले आणि मेसेज केला, तर तिने आधी व्हिडिओ कॉल लावला, आईला समोर बोलावलं, आणि मग म्हणाली, “हां, आता घेते.”