पेन्सिलीनंतर काय: कोळसा, ब्रश पेन की बॉलपेन?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून हातात आलेली पेन्सिल सहसा सुटत नाही. माणसं रेखाटताना मात्र तिचं बारीक टोक नडतं. हात आधी नाक-डोळ्यांत रमतो आणि उभं राहण्याची ढब, कंबरेचा कल, पायावरचा भार हे सगळं राहून जातं. नवं साधन निवडायचं ते या दुखण्यावर उतारा म्हणून.

माझा कौल आधी कोळशाला, म्हणजे विलो झाडाच्या काड्यांच्या चारकोलला. इंचभर तुकडा मोडून कागदावर आडवा टेकवा आणि ओढा; एका फटकाऱ्यात मानेपासून कंबरेपर्यंतची पाठ उतरते. बोटांची नखं काढायची म्हटली तरी जमत नाही, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. चुकलं तर फडक्याने झटका. पुसट डाग उरतो, त्यावरच नवी पोझ घ्या. गालावरचा, खांद्यावरचा उजेड पुट्टी रबराने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने, उचलून काढता येतो. कॉम्प्रेस्ड, म्हणजे भुकटी दाबून केलेला चारकोल दाट काळा उमटतो, पण त्यात भुकटी धरून ठेवणारा बाइंडर असल्याने तो नीट पुसला जात नाही, तो नंतर. कागद खरखरीत हवा, गुळगुळीत कागदावर भुकटी ठरत नाही. सरावाला न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कोरा कागद, पुरतो. तो पिवळा पडतो, म्हणून जपून ठेवायचं चित्र कार्ट्रिजच्या जाड कागदावर काढा आणि भुकटी धरून ठेवणारा फिक्सेटिव्हचा फवारा मारा.

ब्रश पेनला, म्हणजे कुंचल्यासारखं लवचिक टोक असलेल्या शाईच्या पेनला, खोडणं माहीत नाही. भार पेलणाऱ्या पायाला दाब देऊन जाड रेघ, सैल सोडलेल्या हाताला टोकाने बारीक: वजन रेघेतच दिसतं. मोठी सुंदर गोष्ट आहे ही, पण नजर एका दमात पोझ पकडू लागल्यावरच तिची गोडी कळते. वरून पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ हात, द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे ना, ते बघून घ्या.

बॉलपेन गर्दीसाठी उत्तम. फलाटावर, लोकलमध्ये कोळसा काढून बसता येत नाही. पेन-वहीकडे कुणी वळूनही बघत नाही. हलक्या हाताने थेट पेन्सिलीसारखा करडा टोन मिळतो. बऱ्याच पेनांची शाई उन्हात फिकी पडते. शिवाय टोक पुन्हा बारीकच, त्यामुळे जुनी सवय परत डोकं वर काढते. एका माणसाला एक मिनिट, की पान उलटा.

तिन्ही एकदम घेऊ नका. घरी किंवा वर्गात मॉडेल समोर बसणार असेल तर कोळसा. फक्त प्रवासातच वेळ मिळत असेल तर बॉलपेनने सुरू करा, ब्रश पेन थांबू शकतं.