आठ महिने फिटनेस बँड वापरल्यानंतर

धाकट्या भावाने वाढदिवसाला दिलेला हा साधा बँड. चार्जिंगची वेळ सोडली तर आठ महिन्यांत हातातून फारसा उतरलेला नाही, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या रात्री आकडा पाहिला, 2,840 पावलं! सकाळी डबे, मग बँकेत कॅश काउंटर, येताना भाजी, पुन्हा स्वयंपाक. पाय भरून आलेले, त्यामुळे दिवसभर आपली पायपीट झाली असं मी धरूनच चालले होते. दमणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण ॲपमध्ये आधीपासून भरलेलं 10,000 पावलांचं उद्दिष्ट मी तसंच ठेवलं, आणि तिथेच चुकलं. रोज अर्धवट राहिलेलं वर्तुळ बघून तिसऱ्या आठवड्यात मी ॲप उघडणंच सोडलं. मग थोडं वाचलं. 1965 साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. तिथून हा आकडा रूढ झाला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक पडला नाही. वाचून मला खरंच धीर आला.

उद्दिष्ट 4,500 वर आणलं आणि दर पंधरा दिवसांनी 500 वाढवत गेले. आता बहुतेक दिवशी 7,500 होतात. बसमधून एक स्टॉप आधी उतरते. रविवारी पर्वती. तिथल्या 103 पायऱ्या चढून गेल्यावर सुरुवातीला ठोके 150 च्या वर असायचे, आता 130 च्या आसपास असतात. रात्री जेवणं झाल्यावर सहा-सातशे पावलं उरली असतील तर आम्ही दोघं सोसायटीत फेऱ्या मारतो. "चल, तुझी पावलं राहिलीत," असं म्हणून आताशा हेच आधी चपला घालतात.

मोजमाप अगदी काटेकोर नाही. बँड हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो, त्यामुळे पोळ्या लाटतानाही थोडी वाढतात आणि त्या हातात जड पिशवी असेल तर चाललेली गळतात. ठोके मोजायला तो कातडीवर हिरवा प्रकाश टाकतो. बांगड्यांनी पट्टा उचलला गेला की आकडे भलतेच येतात, म्हणून बांगड्या उजव्या हातात आणि बँड डाव्या, मनगटाच्या हाडाच्या थोडा वर. पट्ट्याखाली साबणाचं पाणी राहून मला पुरळ आलं होतं. आता आंघोळीनंतर पट्टा पुसून, कोरडा करून घालते.

तक्रार एकच. पाचव्या महिन्यात पट्टा तुटला आणि कंपनीने दोन आठवडे नुसती तारीख पे तारीख दिली. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून पट्टा आणला, तो अजून टिकलाय.

गेल्या महिन्यात साताऱ्याला आईलाही बँड नेऊन दिला. तिचं वय 68, गुडघे दुखतात, म्हणून डॉक्टरांना विचारून उद्दिष्ट फक्त 3,000 ठेवलंय. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "तुझी किती झाली गं?" आणि मी सांगायच्या आतच तिचा आकडा सांगून मोकळी होते.