साडेअठरा हजारांचा निवडुंग

अकरा वर्षे गच्चीवर निवडुंग वाढवणाऱ्या माणसाने असे फसावे, हे लिहितानाही लाज वाटते. पण नागपुरातले आणखी दोघे त्याच विक्रेत्याशी बोलत असल्याचे कळले, म्हणून लिहीत आहे.

झाड होते अॅझ्टेकियम रिटेरी. मेक्सिकोतील नुएवो लेओन राज्यात डोंगरांच्या उभ्या कड्यांना चिकटून वाढणारा, सुरकुतलेल्या बटणासारखा हा निवडुंग, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे. रानातून उपटलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे बंद आहे. ‘बियांपासून वाढवलेले आहे, कागदपत्रे सोबत येतील,’ असे सांगून विक्रेत्याने नोंदणीचे ५००, झाडाचे १२,०००, ‘परवाना शुल्क’ ४,८०० आणि कुरिअरचे १,२०० असे एकूण १८,५०० रुपये यूपीआयने घेतले. दर दोन दिवसांनी नवे शुल्क निघू लागले की तिथेच थांबा.

खरे तर मी त्याआधीच थांबायला हवे होते. ‘तीन वर्षांचे रोप, पाच सेंटिमीटर,’ असे विक्रेत्याने सांगितले होते. या जातीचे बी धुळीच्या कणाएवढे असते आणि रोप काही मिलिमीटरचे व्हायलाच वर्षे लागतात, हे मीच इतरांना सांगत आलो आहे. तरी ‘कलम केलेले असेल’ अशी समजूत मीच करून घेतली. कलमावर वाढ झपाट्याने होते हे खरेच असल्याने मला अगदीच मूर्ख ठरवू नये. पण फोटोत खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचे झाड, नव्हता. खुंट कुठे आहे, एवढेच विचारायचे होते!

पेटीतून निघालेल्या झाडाच्या खरचटलेल्या कडेवर पांढरा चीक साकळला होता. अॅझ्टेकियमला असा चीक नसतो. हे आपल्या कुंपणाला लावतात त्या शेराच्या झाडाचे भाऊबंद निघाले. पेटी उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही. परवान्याचा फोटो धूसर असेल तर पैसे देऊ नका.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केल्यावर तक्रार क्रमांक मिळाला, बाकी काही नाही. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ म्हणून हात झटकले. पोलीस ठाण्यातील हवालदार हसून म्हणाले, ‘काकाजी, काट्याच्या झाडाले एवढे पैसे कोन देते?’ वन विभागात तर, साइट्समधील जाती १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची चारमध्ये आल्या आहेत, हे मलाच समजावून सांगावे लागले. त्यावर ‘झाड खरे असते तर तुमच्यावरच कारवाई झाली असती’ हे उत्तर मिळाले. अर्ज तीन टेबलांवर फिरून माझ्याच हाती परत आला.

ते झाड मात्र ४४ अंशांच्या उन्हातही गच्चीवर तरारले आहे.